पंचांचं मानधन, व्हाउचरवरचा आकडा आणि आयकर

लेगसाइडचा_पंच

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धांत पंचगिरी. दिवाळीचा फराळ संपला की आमचा मोसम सुरू होतो तो वळीव पिचची वाट लावेपर्यंत. व्हॅक्सिन डेपो, लेले मैदान, मालिनी सिटी, मग अनगोळ, मच्छे, कंग्राळी, उचगाव, आणि बोलावणं आलं तर शिनोळीपलीकडं चंदगड तालुक्यातही जातो. दिवसाला दीड हजाराच्या आसपास मिळतात, फायनलला थोडे वर. जेवण त्यांचं, पेट्रोल आपलं.

गेल्या मोसमातली गोष्ट. एका मंडळाची दोन दिवसांची स्पर्धा, बक्षीस समारंभ आटोपला, डीजेवाले वायरी गुंडाळताहेत. खजिनदारानं आम्हा दोघा पंचांना तंबूमागं बोलावून पाकिटं दिली. प्रत्येकी तीन हजार, ठरल्याप्रमाणे. मग व्हाउचर पुढं केलं. त्यावर आधीच लिहिलेलं, 'पंच मानधन रु. ६,०००/-', आणि त्यावर रेव्हेन्यू तिकीट, एका कोपऱ्यात सुटलेलं. 'तिकिटावरनं सही मारा.'

माझ्याबरोबर एक नवा पोरगा होता, नुकताच पंच परीक्षा पास झालेला. त्यानं पेन हातात घेतलं आणि सरळ विचारलं, 'उद्या रिटर्न भरताना मी कुठले लिहू, तीन की सहा?' सगळे हसले. खजिनदार तर पोट धरून हसला. 'अरे, पंचगिरीचे पैसे रिटर्नमध्ये कोण लिहितो!' पोरानं सही केली नाही. मी आकडा खोडून तीन हजार लिहिले आणि मग केली. ह्या वर्षी त्या मंडळाचं बोलावणं दोघांनाही आलं नाही.

माझा प्रश्न दुहेरी आहे. हे पैसे उत्पन्नात धरायचे का, आणि धरायचे असतील तर दुसऱ्याच्या हिशेबातल्या खोट्या आकड्याचं काय करायचं? पहिल्याचं उत्तर मला साधारण माहीत आहे. दुसऱ्याचं कुणाकडं आहे का बघतोय.

हलगी_कडाडली

काय राव, पंचाच्या पाकिटावर पण आता आयकरवाल्यांचा डोळा पडूलालाय काय? आमच्याकडं येळ्ळूरच्या मैदानात कुस्तीचा पंच म्हणजे आखाड्यातला मान. फेटा बांधतात, नारळ देतात, वर पाकीट. त्याला कोण पगार म्हणतो? ते मानाचं आहे. मानावर कर लावायचा म्हणजे उद्या लग्नातल्या आहेरावर पण लावतील.

ताळेबंद

टिळकवाडीत कर सल्लागार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढं सरका.

हलगी, लग्नातल्या आहेरावर कर नाही, कायद्यानंच सूट आहे. पण पंचाचं पाकीट आहेर नव्हे. तुम्ही दिवसभर मातीत उभे राहून निकाल दिले, त्याबद्दल पैसे मिळाले. काम करून मिळालं ते उत्पन्न, मग ते पाकिटात असो की फेट्याच्या घडीत. नारळ मोजायला कुणी येत नाही, निर्धास्त राहा.

कायद्याला पंच ठाऊक नाही असंही समजू नका. आयकर मंडळानं २१ ऑगस्ट २००८ ला अधिसूचना काढून कलम १९४-जे साठी क्रीडाक्षेत्रातले काही पेशे व्यावसायिक म्हणून जाहीर केले. त्यात खेळाडू, पंच व रेफ्री, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, समालोचक, निवेदक, एवढंच काय, क्रीडा स्तंभलेखकही आहेत. म्हणजे एखाद्या संघटनेनं एका पंचाला वर्षात ठरावीक रकमेपेक्षा जास्त मानधन दिलं तर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता करायचा कर, कापायचा. ती मर्यादा ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. गावातलं कुठलंही मंडळ एका पंचाला वर्षात एवढे देत नाही. त्यामुळे टीडीएस कापला जात नाही, कापला नाही म्हणून २६-एएसमध्ये (खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत) दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लोक समजतात की कर नाही. घोटाळा इथंच होतो. टीडीएसची मर्यादा ही देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्याला ती सूट नाही. एका दिवसाचे बाराशे मिळाले तरी ते उत्पन्नच.

आता चांगली बातमी. बहुतेक पंचांना ह्यावर एक रुपयाही भरावा लागणार नाही. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७-ए ची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. उद्यमबागेत महिन्याला तीस-पस्तीस हजार मिळवणारा पंच वर्षाकाठी पन्नास-साठ हजार मानधन दाखवतो, आणि कर तरीही शून्यच राहतो. लोक लपवतात ते न लागणारा कर वाचवायला. ह्याला काय म्हणावं!

स्कोअरशीट

ताळेबंद साहेब, त्या २००८ च्या यादीत गुणलेखक आहे का?

ताळेबंद

यादीत 'पंच व रेफ्री' आहे. गुणलेखकाचा वेगळा उल्लेख नाही.

स्कोअरशीट

म्हणजे तिथंही आम्हाला विसरले. चहा पण पंचांना आधी आणि आम्हाला उरला तर.

ताळेबंद

यादीत नसलात तरी उत्पन्न करपात्रच आहे, खूश होऊ नका.

उसाचा_फड

चिकोडीकडचा आहे. एक विचारतो, राग मानू नका. स्पर्धेला लाखाचं पहिलं बक्षीस देणारे कोण? ऊसवाले, वाळूवाले, प्लॉटवाले आणि निवडणुकीला उभे राहणारे. आमच्या उसाच्या पैशाला आयकर नाही, कायद्यानंच नाही, ठीक. पण बाकीच्यांच्या रोकडीचं काय? दोन लाखांची गड्डी माईकवरून जाहीर करून देतात, वर यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. तिथं कुणी विचारत नाही आणि दीड हजारवाल्या पंचाच्या नीतिमत्तेवर धागा निघतो. गरिबाच्या चुलीवरच सगळ्यांचं लक्ष.

लेगसाइडचा_पंच

फड अण्णा, तुमचं खरं आहे. पण वाळूवाल्याचं पाप मोठं म्हणून माझ्या व्हाउचरवरचा सहाचा तीन होत नाही ना.

पी_टी_मास्तर_खानापूर

ह्या धाग्यात कुणी बोलत नाहीये ते मी बोलतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलचे निम्म्याहून अधिक पंच आम्ही शाळेतले पी. टी. मास्तर. आम्हाला कराची भीती नाही, परवानगीची आहे.

खात्याच्या तालुका-जिल्हा स्पर्धा किंवा दसरा क्रीडा स्पर्धा असल्या की ओ. ओ. डी. (बाहेरच्या कामाची हजेरी) मिळते, भत्ता मिळतो, सगळं कागदावर. पण रविवारी नंदगडला एखाद्या मंडळाची ओपन कबड्डी असते, तिथं आम्ही कुणाला न विचारता जातो. सरकारी नोकरानं खासगी मोबदल्याचं काम करायचं तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यायची हा नियम सगळ्यांना पाठ आहे. अर्ज कुणी करत नाही, कारण अर्ज बी. ई. ओ. (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात गेला की पावसाळा येतो. आता रिटर्नमध्ये 'पंच मानधन' असा रकाना भरला तर तो आपल्याच हातानं लिहून दिलेला जबाब झाला. उद्या कुणी खुन्नस धरली आणि माहिती काढली तर? शिवाय दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र द्यावं लागतं ते वेगळंच. म्हणून मास्तर लोक रोख घेतात आणि गप्प बसतात. कर बुडवायला नाही.

ताळेबंद

मास्तर, तुम्ही दुखणं बरोबर ओळखलंत. फक्त एक दुरुस्ती. तुमचं रिटर्न कुणीही उठून माहिती अधिकारात काढू शकत नाही, ती वैयक्तिक माहिती धरली जाते. खात्याची चौकशी लागली तर गोष्ट निराळी. पण तेव्हा काय काय बाहेर येईल बघा: मंडळाच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो, यूट्यूबवर शिट्टी फुंकताना तुम्ही, पेपरात 'पंच म्हणून यांनी काम पाहिले' अशी ओळ. रिटर्न गाळलं म्हणून काही लपत नाही. उलट 'परवानगी नव्हती, आणि उत्पन्नही दडवलं' अशी दोन कलमं लागतात.

खानापूर_रोड

मास्तर, परवानगीचा अर्ज द्या की एकदा. वर्षाच्या सुरुवातीला, 'सुट्टीच्या दिवशी शाळेच्या कामात अडथळा न आणता क्रीडा स्पर्धांत पंच म्हणून काम करण्यास' असं मोघम. आमच्या चुलत्यांनी दिला होता. मिळायला वेळ लागला पण मिळाली. पोच घेतलेली प्रत जपून ठेवली होती, तीच जास्त कामाला आली.

शिट्टीवाली

मी खासगी शाळेत पी. टी. शिकवते, मुलींच्या कबड्डी-खो-खोला पंच असते. बाईचा प्रश्न वेगळाच आहे, ऐका.

एकतर मुलींच्या सामन्यांना मानधन कमी. मॅट तीच, पण 'मॅडम, मुलींचेच तर सामने आहेत.' ते असो, त्यावर वेगळा धागा काढेन. पैसे द्यायची वेळ आली की आयोजक मला नंबर विचारत नाहीत. माझ्या यजमानांना फोन करून, 'सर, मॅडमचं मानधन तुमच्या फोन पेला टाकतो.' का? तर त्यांचा नंबर त्यांच्याकडं सेव्ह आहे! मी उन्हात दिवसभर ओरडून घसा बसवायचा आणि पैसा जायचा ह्यांच्या खात्यात. मग ते उत्पन्न कुणाचं? ह्यांनी दाखवलं तर ते म्हणणार 'मी कधी शिट्टी फुंकली?' मी दाखवलं तर माझ्या पासबुकात नोंद नाही. आता मी मॅटवर उतरायच्या आधीच आयोजकांच्या मोबाइलवर माझा क्यूआर स्कॅन करून घेते. तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

ताळेबंद

ताई, उत्तर स्पष्ट आहे. काम तुमचं, उत्पन्न तुमचं. पैसे कुठल्या खात्यात पडले ह्यानं ते बदलत नाही. क्यूआरची युक्ती उत्तम. शिवाय फोन पेवर पैसे आले की ते आपोआप एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) चढतात असा जो समज आहे तो चुकीचा. तिथं चढतं ते कुणीतरी खात्याला कळवलेलं. बँक व्याज, टीडीएस, लाभांश वगैरे. त्यामुळे 'एआयएसमध्ये नाही म्हणजे नाही' आणि 'फोन पेवर आलं म्हणजे सापडलो' हे दोन्ही बिनबुडाचं.

चंदगडी_पाहुणा

मी शिनोळीचा, म्हणजे महाराष्ट्रातला, पण मैदान कुठलंही चालतं. बेळगावात पंचगिरी केली तर कर कर्नाटकाला आणि बेळगावचा पंच आमच्यात आला तर महाराष्ट्राला, असं काही आहे काय? एकजण छातीठोक सांगूलालता.

ताळेबंद

आयकर केंद्राचा आहे. शिनोळीला मिळवा नाहीतर सांबऱ्याला, पॅन एक, रिटर्न एक. आयकर खात्याला सीमाप्रश्न नाही.

चंदगडी_पाहुणा

चला, एक तरी खातं मिळालं!

जर्सी_बेळगावकर

मूळ शहापूरचा, आता न्यू जर्सीत. इथं शनिवारी मुलांच्या सॉकरचा रेफ्री असतो म्हणून लिहायला घेतलं. इथंही हाच वाद दर वर्षी रंगतो. एका संस्थेकडून वर्षात ६०० डॉलर किंवा जास्त मिळाले तर ती १०९९ नावाचा फॉर्म पाठवायची. २०२६ मध्ये दिलेल्या पैशांपासून ती मर्यादा २,००० डॉलर झाली. लगेच कुजबुज सुरू: 'म्हणजे दोन हजारांपर्यंत माफ.' माफ काही नाही. फॉर्म आला नाही तरी उत्पन्न दाखवायचंच. खर्च वजा जाता ४०० डॉलर उरले की स्वयंरोजगाराचा कर लागतो, तो १५.३ टक्के. तुमच्याकडं बहुतेकांचा शून्यावर येतो, आमचा येत नाही. म्हणून इथं लपवायचा मोह खरा आहे.

पण खर्च नीट मांडला तर फरक पडतो. २०२५ साठी गाडीच्या प्रवासाला मैलामागे ७० सेंट धरता येतात. जुने रेफ्री गाडीत वही ठेवतात: तारीख, मैदान, मैल. मीही ठेवतो.

खानापूर_रोड

आमच्या रस्त्यावर मैलाऐवजी खड्ड्यामागं धरायला लावा. कर भरायची वेळच येणार नाही कुणावर.

मुख्याध्यापक_निवृत्तीजवळ

ताळेबंद म्हणतात बहुतेकांना कर शून्य. मी त्या बहुतेकांत नाही, म्हणून हिशेब मांडतो. माझा वर्षाचा पगार बरोबर पावणेतेरा लाख. पंचाहत्तर हजार वजा जाता १२ लाख, कर शून्य. आता व्हॉलीबॉलची पंचगिरी करून समजा ६०,००० मिळवले आणि इमानेइतबारे दाखवले, तर काय होतं?

ताळेबंद

सर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. उत्पन्न १२,६०,०००. नुसत्या टप्प्यांनी कर येतो ६९,०००. पण १२ लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांना सीमांत सवलत आहे: वरच्या रकमेपेक्षा कर जास्त नाही. वरची रक्कम ६०,०००, म्हणून कर ६०,०००. त्यावर ४ टक्के उपकर २,४००. एकूण ६२,४००. म्हणजे अख्ख्या मोसमाचं मानधन गेलं आणि वर २,४०० पदरचे.

हलगी_कडाडली

आता बोला! आणि म्हणे नीतिमत्ता.

ताळेबंद

हलगी, थांबा. ही अवस्था फक्त १२ लाखांच्या उंबऱ्यावर असलेल्यांची आहे. साधारण सत्तर हजार वर गेलं की सीमांत सवलत संपते आणि नेहमीचे टप्पे लागतात. सरांना कायदेशीर वाटाही आहेत. खर्च खरे असतील तर वजा करा: पेट्रोल, एसटीचं तिकीट, बूट, शिट्टी, स्टॉपवॉच, पंच परीक्षेची फी. जुनी कररचना सोयीची पडते का ते मांडून बघा. आणि मानधन न घेता काम केलं, नुसता प्रवासखर्च घेतला, तर उत्पन्नाचा प्रश्नच उरत नाही. पुष्कळ ज्येष्ठ पंच तेच करतात.

मुख्याध्यापक_निवृत्तीजवळ

प्रवासखर्चावर पंचगिरी मी आधीही केली आहे. तेव्हा पंचावर ओरडणारे कमी होते असं वाटतं, पण तो कदाचित वयाचा परिणाम. असो. हिशेब समजला, आभार. ६२,४०० हा आकडा आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिणार आहे.

स्कोअरशीट

फॉर्म कुठला भरायचा? माझा पुतण्या सगळ्यांचा आयटीआर-१ भरून देतो, दोनशे रुपयांत.

ताळेबंद

वर्षातनं एखाददुसऱ्या वेळी मिळालं तर 'इतर स्रोतांतून उत्पन्न' म्हणून आयटीआर-१ मध्ये बसतं. दिवाळी ते मे दर रविवारी उभे राहत असाल तर तो व्यवसाय, आणि व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-१ मध्ये चालत नाही. काहीजण ४४-एडीए खाली, म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता मिळालेल्या रकमेच्या निम्मं उत्पन्न धरायच्या सोयीखाली, दाखवून मोकळे होतात. माझ्या मते ते धोक्याचं आहे. त्या कलमात वकील, डॉक्टर, अभियंते वगैरे ठरावीक पेशे आहेत, आणि २००८ ची पंचांची अधिसूचना फक्त टीडीएसच्या कलमासाठी आहे. दोन्हींची गल्लत करू नका. खरे खर्च लिहा, आयटीआर-३ भरा. पुतण्याला दोनशेत परवडणार नाही तो.

मागची वर्षं राहिली असतील तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आता चार वर्षांपर्यंत आहे. जितका उशीर तितकी जादा रक्कम, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा २०२६-२७ साठी मी वर लिहिलेले कलमांचे आकडे चालणार नाहीत. तत्त्व तेच.

माजी_खजिनदार

बराच वेळ वाचत होतो. धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून आमची बाजू सांगतो. मी तुमचा तो खजिनदार नाही, पण तसाच एक होतो.

मंडळाची स्पर्धा म्हणजे खर्च दोन प्रकारचे. सांगता येणारे आणि न सांगता येणारे. मंडप, चषक, चेंडू, पंच, लाइट, हे सांगता येणारे. आणि न सांगता येणारे म्हणजे फायनलच्या रात्रीचं मटण, प्रमुख पाहुण्यांच्या गाडीबरोबर आलेल्या पंधरा जणांची सोय, आणि कुणाकुणाला 'बघून घ्या' म्हणून दिलेलं. देणगीदार हिशेब मागतो. त्याला मटण दाखवलं तर पुढच्या वर्षी तोंड फिरवतो. मग हे कुठं घालायचं? मंडपवाला पक्कं बिल देतो, त्यात हात घालता येत नाही. चषकाची किंमत दुकानात विचारता येते. उरला पंच. त्याचं मानधन कुणाला ठाऊक? पंच आपला पैशाला गरजू, पुढच्या वर्षी बोलावणं हवं असलेला, सही करून जातो. म्हणून पंच मानधनाच्या पोटात सगळं मटण शिरतं. आमच्या एका वर्षाच्या हिशेबात पंचांवर इतका खर्च दिसत होता की एक देणगीदार म्हणाले, पंच बेंगलोरवरनं विमानानं आणले होते काय?

समर्थन करत नाही. कसं होतं ते सांगितलं.

लेगसाइडचा_पंच

खजिनदार काका, हेच ऐकायचं होतं. आजवर मला वाटायचं जादाचे पैसे कुणी खिशात घालतो. मटणात जातात हे कळल्यावर राग कमी झाला, पण प्रश्न तोच राहिला. ते मटण माझ्या नावावर खाल्लं जातंय.

आणि आता माझं म्हणणं मांडतो. कर शून्य असो की बासष्ट हजार, तो ज्याचा त्यानं बघावा. पण सही हा आपला निकाल आहे. बॅटला लागलं नाही हे दिसत असताना मी कॅच आउट देत नाही, मग घेतले तीन असताना सहावर सही कशी देऊ? मैदानात दहा हजार लोक ओरडले तरी बोट वर न करणारे आमचे पंच तंबूमागं एका खजिनदारापुढं मान खाली घालतात. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

उसाचा_फड

पंच भाऊ, बोलणं पटलं. पण ज्याची चूल ह्या मानधनावर चालते त्याला सांगून बघा. तुम्हाला उद्यमबागेचा पगार आहे. आमच्याकडं दोन पोरं आहेत, शिकून घरात बसलेली, मोसमात पंचगिरीवरच खर्च भागवतात. एक बोलावणं गेलं की दोन आठवडे गेले. त्यांनी सही नाकारायची म्हणजे सोपं नाही.

लेगसाइडचा_पंच

मान्य. म्हणून एकट्यानं नाकारून उपयोग नाही. त्या पोराच्या बाबतीत तेच झालं.

ताळेबंद

ज्यांना चूल सांभाळायची आहे त्यांच्यासाठी भीतीचा मुद्दाही सांगून ठेवतो, नीतीचा नव्हे. मंडळ नोंदणीकृत असेल, कधी चौकशी लागली, तर पहिला कागद निघतो तो तुमच्या सहीचा. 'सहा हजार मिळाले' असं तुम्ही लिहून दिलंय. तिथं 'साहेब, तीनच मिळाले हो' म्हणणं सिद्ध कसं करणार? कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड त्यावरच्या कराच्या ५० टक्के, जाणूनबुजून चुकीचं दाखवलं तर २०० टक्के. कर शून्य असेल तर दंडही जवळपास नाही, पण हेलपाटे आहेत. आणि ज्यांचा कर शून्य नाही ते मुख्याध्यापक सर तर न खाल्लेल्या मटणावर कर भरतील.

शिट्टीवाली

हेलपाटे म्हणजे बाईला दोनदा. एकदा ऑफिसात आणि एकदा घरी समजावताना.

साधा उपाय सुचवते. व्हाउचर त्यांचं, म्हणून आकडा त्यांचा. पावती आपली असली तर आकडा आपला. पंचांनी स्वतःची पावती पुस्तकं का छापू नयेत? डॉक्टर देतो, शिकवणीवाला देतो. दोन प्रती, मध्ये कार्बन. एक मंडळाला, एक आपल्याकडं. त्यांना त्यांच्या व्हाउचरला जोडायची तर जोडू देत, पण सही फक्त आपल्या पावतीवर. आणि सगळ्यांनी एकदम केलं तर 'हाच पंच आगाऊ' असं कुणा एकाला म्हणता येणार नाही.

पी_टी_मास्तर_खानापूर

ताईंची सूचना चांगली आहे, पण परवानगी नसलेल्या मास्तरांनी पावतीवर नाव घालायचं कसं? मी आधी अर्ज देतो. खानापूर_रोड, तुमच्या चुलत्यांच्या अर्जाचा मजकूर मिळेल काय? कन्नडमध्ये लागेल.

खानापूर_रोड

आहे, कन्नडमध्येच आहे. नाव-गाव झाकून व्यक्तिगत निरोपात टाकतो.

माजी_खजिनदार

पावती पुस्तक आलं तर मंडळं पहिल्यांदा कुरकुरतील. दोन-चार मंडळं नवे पंच शोधतील. पण एक सांगू? काही खजिनदारांना बरंच वाटेल. 'पंच पक्की पावती देतात, आता मटण तिथं बसत नाही' असं अध्यक्षाला सांगायला तोंड मिळतं. मला त्या काळी मिळालं असतं तर मी वापरलं असतं.

हलगी_कडाडली

आणि मटण कुठं बसवायचं मग?

माजी_खजिनदार

जेवणाऱ्यांनी वर्गणी काढायची. नाहीतर शेवभाजी करायची.

हलगी_कडाडली

फायनलला शेवभाजी! स्पर्धाच बंद पडेल की ओ.

लेगसाइडचा_पंच

मंडळी, पावतीचा मजकूर असा केलाय, बघा: अनुक्रमांक, तारीख, स्पर्धेचं नाव, मैदान, सामन्यांची संख्या, मानधन अंकी आणि अक्षरी, प्रवासखर्च वेगळ्या ओळीत, रोख की ऑनलाइन, पंचाचं नाव आणि सही, खाली देणाऱ्याची सही. पॅन छापायचा नाही असं ठरवलंय, मागितला तर लिहून द्यायचा. आमच्यातल्या काही पंचांनी होकार दिला, दोघांनी 'आधी तुम्ही करा, मग बघू' म्हणून सांगितलं. नवा पोरगा पहिलं पुस्तक मागतोय.

ताळेबंद

प्रवासखर्च वेगळ्या ओळीत हे बेस. रेव्हेन्यू तिकीट पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच लागतं, खाली नाही लावलं तरी चालतं. अक्षरी रक्कम विसरू नका, तीनचा सहा व्हायला पेनाचा एक फराटा पुरतो.

स्कोअरशीट

'पंचाचं नाव' ऐवजी 'पंच / गुणलेखक' छापा. एवढं तरी करा.

लेगसाइडचा_पंच

केलं. छपाईला टाकतोय.

शिट्टीवाली

दर कळवा. आम्हा मुलींच्या पंचांसाठी दहा पुस्तकं वेगळी धरा. पैसे माझ्या नंबरवरून येतील, यजमानांच्या नाही.